डावा हात

पोरीच्या गालावर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आला होता. शकुननं तो पाहिला तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, जसे अमरावतीत आता बारा महिने तरंगतात, भाकरीत येतात, डोळ्यांत जातात, झोपलेल्या लेकराच्या ओठांवर बसतात. तिला आधी वाटलं, तंतूच आहे. तिनं फुंकर घातली. तो उडाला नाही. मग तिनं पोरीचं तोंड उजेडाकडे फिरवलं. फोड लहानच, ताणलेला, आत पाणी; पण त्याच्या बुडाशी तपकिरी ठिपका होता आणि तो ठिपका तिच्या ओळखीचा होता. ती ओरडली नाही. सासूला हाक मारली नाही. पोर मांडीवर घेऊन तिनं आपल्या उजव्या हाताचा अंगठा उन्हात धरला. नखाच्या कडेला तसाच डाग होता, परवापासूनचा. त्याच अंगठ्यानं तिनं परवा पोरीच्या ओठांवरचं दूध पुसलं होतं, काजळ लावलं होतं, आणि झोपेत श्वास चालतो की नाही हे पाहायला नाकाखाली तोच धरला होता. किती वेळा, ते तिचं तिलाच ठाऊक. पहिलं लेकरू नवव्या दिवशी झोपेतच गेलं होतं. ही पाच महिन्यांची झाली, तरी शकुन अजून नवव्या दिवसातच होती. परवा तिनं हात राखेनं धुतले होते, दोनदा. पण बिब्बा धुतल्यानं जात नाही. म्हणून तर तो निवडला होता. आणि निवडला तिनंच होता.

सासूच्या, पार्बताबाईच्या, माहेरी हिवरखेडला दान देण्याची एक खिडकी होती. इथं घर बांधलं तेव्हा तिनं नवऱ्याजवळ एवढी एकच गोष्ट मागितली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही सगळी माणसं बार्शीटाकळीकडच्या आपल्या गावात ज्वारी पेरत होती. मग कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या मुलखात लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि इकडच्या काळ्या जमिनीला अंकुर फुटायच्या आत गिऱ्हाईक यायला लागलं. जानरावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चार वावरांतली ज्वारी मोडून कापूस लावला, अमरावतीच्या परकोटाच्या आत जागा घेतली, दुमजली घर उठवलं. आणि गल्लीकडच्या भिंतीत, आत बसलेल्या बाईच्या छातीइतक्या उंचीवर, वीतभर रुंद खिडकी ठेवली. तिच्यातून तोंड दिसत नाही. हात दिसतो. बाहेरून हात येतो, आतली बाई त्याच्या तळव्यावर ज्वारीनं भरलेला पळसाच्या पानाचा द्रोण ठेवते, हात जातो. विचारायचं नाही, बोलायचं नाही, वाकून पाहायचं नाही. “देनाऱ्यानं हात पाहावा, तोंड नाई,” पार्बताबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “तोंड पाह्यलं का मन तोलाले बसते. हा खरा भुकेला, हा लबाड, हा आपल्या जातीचा, हा त्यायच्या. हाताले जात नसते व. अन् घेनाऱ्यालेही आपलं तोंड दिसत नाई, म्हून त्याच्यावर उपकार चढत नाई. दोघंही मोकळे.” शकुनला तेव्हा ते नुसतं ऐकायला बरं वाटलं होतं, जात्यावरच्या ओवीसारखं.

सासूचे गुडघे धरले तेव्हापासून खिडकीशी शकुन बसायला लागली. दुपारची वेळ, मांडीवर पोर, शेजारी ज्वारीची कोठी. नवरा, सूर्यभान, गाड्यांबरोबर अकोल्याला. आठ-आठ दिवस येत नसे. बोलायला कोणी नाही, तर ती हात पाहू लागली. ती मुळात पाहणारीच. पाळण्याची दोरी कुठं झिजली, सासूच्या आवाजात आज कुठला काटा आहे, पोरीचा श्वास कुठं अडतो, हे सगळं तिला दिसे, आणि दिसलं की धास्ती लागे. हात पाहताना धास्ती नसे. एका म्हाताऱ्याच्या करंगळीचं टोक नव्हतं. एका बाईच्या मनगटावर गोंदलेली तुळस होती आणि ती बाई जसजशी वाळत गेली तसतशी तुळस आक्रसत गेली. आणि एक हात होता कोष्टी बाईचा. पहिल्या बोटाच्या पेरावर सुतानं कापत गेलेली बारीक, चकचकीत खाच. वर हिरव्या बांगड्या, मधे एक पिवळी. शकुनला तो हात आवडे. तो घाई करत नसे. द्रोण घेतला की क्षणभर तसाच थांबे, जणू वजन समजून घेतो आहे.

पावसाळा सरला आणि हात वाढले. शहराभोवती कापसाच्या गंजी इतक्या उंच लागल्या होत्या की गाडीवान त्यांच्या सावलीत जेवत, आणि त्याच गंजींच्या बुडाशी अशी माणसं निजायला लागली ज्यांच्या अंगावर धड फडकं नव्हतं. सूत इतकं महागलं होतं की कोष्ट्यांचे माग उभेच्या उभे थांबले. माग थांबला की झोपडी जाते, झोपडी गेली की माणूस परकोटाच्या भिंतीला पाठ लावून बसतं. पूर्वी गावाकडे ज्वारीची सोंगणी झाली की वावरात कणसं पडलेली राहत. ती मालकानं उचलायची नसत, गरीब माणसं सरवा वेचत. कापसाच्या वावरात पडलेलं खाता येत नाही. आणि आता भाव असा की पडलेलंही कोणी सोडत नव्हतं. हे सगळं शकुनला कोणी सांगितलं नव्हतं. हातांवरून कळत गेलं. मग कोठीतली त्या-त्या दिवसाची ज्वारी आधीच संपू लागली आणि हात यायचे थांबले नाहीत. एके दिवशी एक हात आत आला, उघडा, आणि तसाच राहिला. त्याच्यावर ठेवायला काही नसलं तर काय करायचं, हे सासूच्या नियमात नव्हतं. शकुननं त्या तळव्यावर रिकामा द्रोण ठेवला. का ठेवला, ते तिला अजून सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी जेवताना जानराव म्हणाले, “मी आज बाहीर उभा राहून तोंडं पाह्यली.”

“पाहाची नसतात,” पार्बताबाई म्हणाली.

“तुमी नका पाहू. मी पाह्यली. रांगेच्या शेवटी दोन बुढ्या असतात अन् एक आंधळा. तीन दिस झाले, त्यायच्या हातावर दाना पडला नाई. पुढचे घेऊन जातात, अन् गल्लीले वळसा घालून पुन्हा येतात. इकडं कचेरीतला गोरा साहेब म्हणून राहिला का धडधाकट मानसाले फुकट देऊच नोका, सडकेची गिट्टी फोडू द्या. मी तसं म्हणत नाई बापा. पन काही रीत पाह्यजे का नाई?”

“दोनदा आला तं दोनदा देव आला म्हनाचं.”

“अन् तो आंधळा? तो कोन आला मंग? त्याले काहून उपाशी धाडता?”

पार्बताबाईनं भाकरी उलटली. आणि शकुनचा आवाज तिच्याही नकळत निघाला: “एक बाई दोनदा येते, मामाजी. उजवा हात घेऊन येते, मंग डावा घेऊन येते. दोन्ही हातांवर सुताची खाच हाय. डावा हात दान घ्याले कोनी पुढे करते का? फसवाले करते.” जानरावांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. या घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिला ते आवडलं. आता, पोरीचा फोड न्याहाळताना, तिला तेवढं नेमकं आठवत होतं: आवडलं होतं. त्या संध्याकाळी मांडीवर पोरीचं धुऊन आलेलं दुपटं होतं, त्याच्या कोपऱ्याला परटानं बिब्ब्यानं काढलेली या घराची खूण, एक रेघ आणि खाली तीन ठिपके. प्रत्येक घराची खूण वेगळी. वर्षभर धुतली तरी पुसत नाही. तिनं दुपट्याचा तो कोपरा वर धरला आणि म्हणाली, “असं हातावर केलं तं? ज्याची त्याची खूण. कोन येऊन गेलं ते मी ध्यानात ठेवीन.”

“वा!” जानराव म्हणाले. “मानसाइतकी हुशार हाय आमची सूनबाई.”

नत्थुजी परीट परवा आला, कमरेला बिब्बे, हातात बाभळीचा काटा. खुणाही खिडकीतच करायच्या, तोंडं पाहायची नाहीत, असं पार्बताबाईनं सांगितलं. तेवढं सांगून ती गोठ्याकडे निघून गेली आणि दिवस मावळेपर्यंत आली नाही. नत्थुजी शकुनच्या शेजारी बसला. “करून तं देतो बाई,” तो म्हणाला, “पन कपड्याची गोष्ट येगळी. कपडा बोंबलत नाई. मानसाच्या कातड्याले बिब्बा उततो. कोनाले उतते, कोनाले नाई. त्याचा काही नेम नाई.” ती म्हणाली होती, “बारीक ठिपके काढा, नत्थुजी.” हे काय तिला माहीत नव्हतं? वऱ्हाडातल्या कुठल्या बाईला माहीत नसतं? बाळंतपणात बिब्बा खातात, लेकराच्या कमरेला दृष्टीसाठी तो बांधतात, पायात काटा मोडला तर त्याचाच चटका देतात. आणि चुलत बहिणीचं तोंड बिब्ब्यानं सुजून डोळे मिटले होते, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. सगळं माहीत होतं. पण त्या वेळी ते हातांना लागू होतं असं वाटलं नाही. हातांना तोंडं नव्हती. ती काय पाहत होती इतके दिवस? खाच, बांगड्या, गोंदण. धुतल्या कपड्यांसारखे हात एकामागून एक येत होते आणि नत्थुजी काट्यानं रेघा, फुल्या, ठिपके काढत होता. कोष्टिणीच्या उजव्या मनगटावर फुली काढताना काट्यावरून एक थेंब जास्तीचा ओघळला. शकुननं तो अंगठ्यानं पुसला. त्या हाताला तिचा तो पहिला स्पर्श. हात गरम होता. मग घटकाभरानं डावा हात आला, त्याच बांगड्या, त्याच पेरावर खाच, खूण नसलेला. शकुननं द्रोण भरला नाही. हात थांबला. हाताला असं थांबता येतं हे तिला माहीत नव्हतं. बोटं जरा मिटली, पुन्हा उघडली, जणू तो आपल्यालाच विचारत होता. नंतर तो हळूच मागं गेला. त्या दिवशी शेवटच्या तिघांनाही ज्वारी पुरली. आंधळ्याचा असावा असा एक हात द्रोणाची कड चाचपत राहिला, आणि शकुनला खरोखर समाधान वाटलं. ते खोटं नव्हतं. तेही नोंदवायला हवं. काल मात्र कोष्टिणीचा उजवाही आला नाही, डावाही नाही.

“उतला?” मागून पार्बताबाईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

“हो आत्याबाई.”

शकुन बोलणी खायला तयार होती. पार्बताबाईनं वाकून पोरीचा गाल पाहिला, शकुनचा अंगठा पाहिला, आणि विचारलं ते इतकंच: “अजून कोनाकोनाले?” उत्तराची वाट न पाहता ती परसात गेली, चिंचेचा पाला तोडून आणला, खोबऱ्याबरोबर वाटला आणि गालावर लावला. पोरीला ते गार लागलं, ती हसली. शकुनला वाटलं, हिनं रडायला हवं होतं.

दुपारी ती खिडकीशी बसली तेव्हा पार्बताबाईही येऊन कोठीला टेकून बसली, भिंतीकडे तोंड करून. हात यायला लागले. करंगळी तुटलेल्या म्हाताऱ्याला काही झालं नव्हतं. ठिपके जसेच्या तसे, स्वच्छ. तुळशीवाल्या बाईचं मनगट लाल. एकाला टरारून फोड. बिब्ब्याचा खरंच काही नेम नव्हता. भुकेला आणि लबाड असं काही तो पाहत नव्हता. शकुन द्रोण ठेवत गेली. तिचं मन विलक्षण शांत होतं, तापात कधी कधी होतं तसं. मग एक हात आला, मनगटापासून कोपरापर्यंत चिंधीत गुंडाळलेला. खूण दाखवायला हवी म्हणून बाहेरून कोणीतरी ती चिंधी सोडवू लागलं, आणि ती कातड्याला चिकटली होती. खाली फुली राहिली नव्हती. जिथं फुली होती तिथं सगळंच उललं होतं. पहिल्या बोटाच्या पेरावर मात्र खाच तशीच.

“राहू दे,” शकुन म्हणाली.

हात दचकला. या खिडकीतून आवाज कधी आला नव्हता.

“नाव काय तुहं?”

“...रुख्मिणी.”

“काल काहून आली नाई?”

“ताप होता बाई.”

“अन् तो डावा हात? तो काहून आनत होती? खरं सांग. मी रागावत नाई.”

बाहेरून आवाज आला, हातासारखाच, न घाबरलेला. “डावा माहा नाई बाई. जावेचा हाय. ते बाळंतीन हाय, तिले चालता येत नाई. आमच्या मायनं सांगतलं होतं, देवाच्या खिडकीत एक हात एकदाच घालाचा, दुसऱ्यांदा घातला तं चोरी होते. म्हून तिचा वाटा डाव्या हातानं नेत होती. उजवा माहा, डावा तिचा.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“इथं बोलाचं नसते ना. तुमचाच नियम हाय.”

शकुननं सासूकडे पाहिलं. सासूची पाठ हलली नाही. “कुठी हाय ते?”

“परकोटाच्या बुडाशी, मोडक्या बैलबंडीखाली. मी माह्यातलं अर्धं देतो, पन परवा तिच्या वाट्याचं नाई भेटलं, काल कोनाचंच नाई. दूध नाई येऊन राहिलं तिले. पोरगं तोंड लावते अन् सोडते.”

“किती दिवसाचं?”

“आज नववा.”

शकुननं घाईनं द्रोण भरला, त्या तळव्यावर ठेवला. दुसरा भरला, तोही त्याच हातावर ठेवायला गेली. हात मागं सरकला. “नाई बाई. हा माहा हात हाय.” “मंग डावा आन. लवकर.” “त्याले तुमी नाई म्हटलं,” रुख्मिणी म्हणाली, आवाजात राग नव्हता, कोणी कोरड्या विहिरीबद्दल सांगावं तसा होता. “जिथं एकदा नाई म्हटलं तिथं तो हात पुन्हा जात नाई. तिचा हाय ना तो. तिले काय सांगू मी?” शकुनच्या हातात भरलेला द्रोण तसाच राहिला. खिडकीच्या वीतभर उजेडात तंतू तरंगत होते. हात कोणाचा असतो? खांद्याला जोडलेला त्याचा, की ज्याच्या पोटासाठी तो पुढे होतो त्याचा? ती दोन महिने हात वाचत होती आणि एकही हात कोणाचा ते तिला कळलं नव्हतं. सासूला कळत होतं का? नाही, सासू पाहतच नव्हती, आणि न पाहिल्यामुळे तिच्याकडून आंधळा उपाशी राहत होता. सासऱ्यांनी पाहिलं, तर ती बाळंतीण उपाशी राहिली. आणि हिनं, शकुननं, सगळ्यात बारकाईनं पाहिलं.

तिनं द्रोण कोठीत परत ओतला. पोर उचलून डाव्या कडेवर घेतली. “आत्याबाई, तुमी बसा इथं.”

“काहून?”

“बसा ना.”

ती परसदारानं गल्लीत आली. या घरची सून भर दुपारी गल्लीत उभी राहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. रांग हातांची नव्हती, तोंडांची होती; ती सगळी तोंडं तिच्याकडे वळली, आणि तिला कुठलंच ओळखू येईना. रुख्मिणी तिच्याच वयाची निघाली. समोरचा एक दात पडलेला. ओट्यावर जानराव नत्थुजीशी बोलत बसले होते. “सूनबाई!” ते अर्धे उठले. शकुननं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती खिडकीसमोर, रुख्मिणीच्या जागेवर, उभी राहिली. जानराव थोडा वेळ तसेच अर्धवट उभे होते. मग खाली बसले आणि नत्थुजीला मोठ्यानं विचारू लागले की पांढऱ्या पागोट्याला गेल्या खेपेला नीळ जास्त कशी झाली.

तिनं उजवा हात खिडकीत घातला. दगडाची कड थंड होती. आतलं काही दिसत नव्हतं, फक्त काळोख, आणि त्या काळोखात आपला हात कसा दिसत असेल ते तिला दिसलं: पाटल्या, लग्नातल्या, पार्बताबाईनंच चढवलेल्या, नखाशी डाग. आत ज्वारी खळखळली. द्रोण तळव्यावर आला. तिच्या हाताला तो अपेक्षेपेक्षा जड वाटला, आणि ती क्षणभर तशीच थांबली.

“दुसरा हात असन तं तोही पुढे कर, बाई,” आतून आवाज आला. कुठल्याही परक्या बाईला म्हणावं तसा.

दुसऱ्या हातावर पोर होती. बाळंतिणीचा एक द्रोण आजचा, एक परवाचा. हिशेब सरळ होता. रांगेच्या टोकाला कोणीतरी खोकलं, आंधळाच असेल, आणि हा दुसरा द्रोण कोणाच्या वाट्यातून जाणार हेही सरळच होतं, निदान कोठी पुन्हा भरायला सांगण्याची हिंमत होईपर्यंत. तिनं द्रोण छातीशी धरला आणि रुख्मिणीकडे वळली.

“इले धर.”

“माह्या हाताले उतलं हाय बाई. तान्हं लेकरू...”

“इलेही उतलं हाय,” शकुन म्हणाली.

रुख्मिणीनं आपली ज्वारी ओच्यात बांधली आणि दोन्ही हात पुढे केले, सोललेला आणि साधा. शकुनची कड हलकी झाली. पाच महिन्यांत प्रथमच पोर तिच्या हातात नव्हती आणि डोळ्यांसमोरही नव्हती. डोळ्यांसमोर भिंत होती. तिनं डावा हात खिडकीत घातला आणि तळवा उघडला. पाठीमागं पोरीचा आवाज नव्हता, ना रडण्याचा, ना हसण्याचा. आत अजून ज्वारी खळखळली नव्हती. हात थांबला. तिनं वळून पाहिलं नाही.